खिलाफत हाउसचा जुलूस आणि सरकलेली तारीख

यंदा वर्गात सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ईद-ए-मिलाद रबीउल अव्वलच्या बारा तारखेला असते ना? मग मुंबईचा जुलूस पंधराला कसा?" प्रश्न रास्त होता. 2025 मध्ये मिलाद 5 सप्टेंबरला होती आणि भायखळ्याच्या खिलाफत हाउसचा जुलूस निघाला 8 सप्टेंबरला. कारण 6 तारखेला अनंत चतुर्दशी होती.

मुलांना 'खिलाफत' हे नाव तरी कुठे माहीत असते? पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले. खलिफाचे पुढे काय होणार, या काळजीतून 1919 मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. मियाँ महंमद छोटानी हे लाकडाचे मोठे व्यापारी तिचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी 6 एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी, गांधीजी आणि सरोजिनी नायडू मुंबईच्या एका मशिदीत बोलले होते. हवाच तशी होती. जुलूसाची परंपरा त्याच काळातली असल्याचे आणि सुरुवातीला गांधीजी व अली बंधू त्यात असल्याचे कमिटीची मंडळी अभिमानाने सांगतात.

गंमत म्हणजे ज्या खिलाफतीसाठी हे सारे झाले, ती 3 मार्च 1924 रोजी तुर्कांच्याच संसदेने रद्द केली. चळवळ विरली. भायखळ्यातली इमारत, तिचे नाव आणि दरवर्षी तिथून निघणारा जुलूस मात्र राहिला. नागपाडा, भेंडीबाजार या भागांतल्या माणसांना तो राजकारणाचा वाटत नाही. त्यांच्यासाठी तो नबींच्या जन्माचा आनंद आहे, सरबताच्या सबिलींचा आणि ट्रकवर बसलेल्या मुलांचा दिवस आहे. (जुलूस काढावा की नाही यावर आपल्यातच दोन मते आहेत, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.)

आता तारखेचे. आपले वर्ष 354 दिवसांचे, म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात. हिंदू पंचांगही चंद्राचेच, पण त्यात साधारण अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूशी मेळ बसवतात. 2022 मध्ये दोन्ही सणांत महिन्याचे अंतर होते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, भाद्रपद पुढे गेला आणि थेट रबीउल अव्वलवर येऊन बसला. मग तीन वर्षे दोघांचा चंद्र एकच. आपण चंद्रदर्शनापासून मोजतो, ते अमावस्येपासून. त्यामुळे आपली बारावी आणि त्यांची चतुर्दशी एकाच दिवशी किंवा लागोपाठ येते.

2023 मध्ये दोन्ही 28 सप्टेंबरला आले. कमिटीने जुलूस 29 ला नेला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. 2024 मध्ये मिलाद 16 ला, विसर्जन 17 ला, जुलूस 18 ला. यंदा 8 ला. मुंबईतली सुट्टीही दोन्ही वेळा जुलूसामागे सरकली.

"दर वेळी आपणच का सरकायचे?" असे काही तरुण विचारतात. त्यांचा राग मला कळतो. पण सरकला तो रस्त्यावरचा जुलूस. बारावीची नमाज, दरूद, घरातली मिलादची महफिल बारावीलाच झाली. विसर्जन त्या तिथीलाच व्हावे लागते. आपला जुलूस दोन दिवसांनी निघाला तर दीनात काही उणे पडत नाही. शिवाय हा निर्णय आधी आपल्या लोकांनी बसून घेतला, नंतर सुट्टी बदलली. क्रम लक्षात ठेवावा.

मला खरी टोचणी आहे ती डीजेची. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की गणेशोत्सवात मोठा आवाज घातक असेल, तर मिलादच्या मिरवणुकीतही तो तसाच घातक आहे. हे आपल्याला न्यायालयाने सांगावे लागले. ज्या नबींनी शेजाऱ्याला त्रास देऊ नका असे शिकवले, त्यांच्याच नावाने म्हाताऱ्याची झोप उडवायची!

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. मिलाद ऑगस्टच्या शेवटी येईल, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. हे दोन चंद्र पुन्हा जुळायला सुमारे तीस वर्षे लागतील. मागच्या वेळी, 1991-92 च्या सुमारास, मी शाळेत होतो. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर तो मुलगा बोटे मोजू लागला आणि म्हणाला, "सर, तेव्हा मी तुमच्याएवढा असेन."