धागा : एकदांडी ‘प्राचीन’ आहे का?

गेल्या पावसाळ्यात भातकुलीजवळच्या एका वावरात माझ्या बोटाला विळा लागला. शेजारी निंदण करणाऱ्या काकूंनी धुऱ्यावरची चार पाने खुडली, तळहातावर चोळली आणि हिरवा रस जखमेवर पिळला. “लाव बापू, आत्ता थांबते रक्त.” थोड्याच वेळात ते थांबलेही.

वनस्पती तुमच्या परिचयाची आहे : एकदांडी. कुणी तिला दगडी पाला म्हणतात, कुणी कंबरमोडी, कुणी जखमजोडी. खरबरीत, दातेरी पाने. वीतभर उंच एकच दांडा आणि त्याच्या टोकाला पिवळे फूल. फुलाच्या कडेच्या फिकट पाकळ्यांना तीन-तीन दाते असतात. समाजमाध्यमांवर शोधले, तर ‘ऋषिमुनींचे हजारो वर्षांचे रहस्य’ अशा थाटाचे मजकूर ढिगाने सापडतात. हा धागा त्या दाव्याविषयी आहे.

एकदांडी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेची. १७५३ साली लिनियसने तिला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे नाव दिले, ते मेक्सिकोतील व्हेराक्रूझच्या वनस्पतीवरून. चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. मिरची, तंबाखू आणि पेरू यांच्याप्रमाणे तीही समुद्रापलीकडून आली. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या तिसऱ्या खंडात, म्हणजे १८८०च्या दशकाच्या आरंभी, तिची भारतातील नोंद सापडते.

मग हे पुरातनत्व तिला चिकटले कुठून? एक वाट माक्यावरून जाते. माका म्हणजे संस्कृत ग्रंथांतील भृंगराज, एकदांडीच्याच कुळातला आणि खरोखर जुना. काही ठिकाणी भृंगराज म्हणून एकदांडीच दिली जाते, आणि वस्तूबरोबर वंशावळही हस्तांतरित होते!

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. ग्रंथांनी सांगितले नाही, तर सांगितले कोणी?

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७पर्यंत बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोहोचली. एकदांडीला आवडते ती मोडलेली, उकरलेली जमीन : धुरे, रस्त्यांच्या कडा, रुळांचे भराव. तिचे बी केसाळ आणि हलके, वाऱ्यावर उडणारे. अशी जमीन वाढत गेली, तशी तीही वाढली असावी, हा माझा तर्क. पऱ्हाटीतले हे तण उपटण्याचे काम मुख्यतः बायकांच्या वाट्याचे. हातात विळा, समोर एकदांडी आणि दवाखाना दूर. प्रयोगशाळेची मांडणी याहून नेमकी कशी असणार? ज्यांनी ती उपटली, त्यांनीच ती जखमेवर लावून पाहिली असावी. ‘हजारो वर्षांचे’ म्हणताच हे श्रेय त्यांच्या हातून निसटते आणि एखाद्या अनाम ऋषीच्या खात्यात जमा होते.

नावांकडेच पाहा ना. लॅटिन ‘प्रोकम्बेन्स’ म्हणजे जमिनीवर पसरणारी. ‘कंबरमोडी’ म्हणणाऱ्यांनी लिनियस वाचला नव्हता. पण कंबर मोडल्यासारखे लोळणारे हे खोड त्यांनीही पाहिलेच असणार.

आलेली प्रत्येक वनस्पती लोकांनी औषध ठरवली, असेही नाही. गाजरगवत याच कुळातले, तेही अमेरिकेचेच; १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. त्याने अंगाला खाज सुटते, हे शेतकऱ्यांनी लवकरच ओळखले आणि त्याच्या वाट्याला शिव्याच आल्या.

एकदांडीच्या बाबतीत औषधशास्त्र मागाहून आले. तिचा जखम भरण्यावरील परिणाम तपासणारा भारतीय संशोधकांचा निबंध १९८२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढचे बरेचसे प्रयोगही उंदरांवरचे. म्हणून मधुमेहापासून केसगळतीपर्यंत सगळे बरे होते, असे सांगणाऱ्या चित्रफितींपासून चार हात दूर राहा. पाला लावला तरी गंजलेल्या विळ्याच्या जखमेला धनुर्वाताची सुई लागतेच. मीही त्याच संध्याकाळी घेतली.

तुमच्या गावात एकदांडीला काय म्हणतात? खाली लिहा. नाव सांगणाऱ्या व्यक्तीचे अंदाजे वय, तिचे काम आणि तिला ते कोणाकडून कळले, हेही कळवा.