पत्राचा पुरावा : रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’

पत्रांतून सांगितलेली कादंबरी म्हटली की आपल्याला वामन मल्हार जोशींची ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) आठवते. आज जायचंय त्याच्या दोनशे वर्षं मागे, लंडनला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे माझा प्रश्न जरा आडवळणाचा आहे : पत्र हा कशाचा पुरावा? ते लिहिलं गेलं, एवढ्याचाच. आतला मजकूर खरा असल्याचा नव्हे.

सॅम्युएल रिचर्डसन हा छापखानेवाला. लहानपणी मुलींना प्रेमपत्रं लिहून द्यायचा. १७३९ मध्ये, पन्नाशीच्या सुमारास, दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याकडे नमुनापत्रांचं पुस्तक मागितलं. ते लिहिता लिहिता १७४० मध्ये ‘पामेला’ झाली. मोलकरीण मुलगी, मागे लागलेला मालक, आणि आईबापांना तिनं लिहिलेली पत्रं. लोकांनी ती डोक्यावर घेतली. हेन्री फील्डिंगला मात्र ही पोरगी खरी वाटेना. त्याच्या ‘शमेला’त (१७४१) तिची ‘खरी’ पत्रं सापडतात, आणि ती पक्की कावेबाज निघते! चेष्टाच ती, पण शंका रास्त होती. आपली बाजू आपणच लिहिणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा?

माझ्या मते ‘क्लॅरिसा’ (१७४७-४८) हे त्या शंकेचं उत्तर आहे. सात खंड, पाचशेहून अधिक पत्रं. लांबण आहे, नाकारत नाही. इथे क्लॅरिसा लिहितेच, पण तिला फसवून पळवणारा लव्हलेसही आपल्या मित्राला, बेलफोर्डला, सगळं लिहीत असतो. तो तिची पत्रं मधल्यामध्ये गाठतो, तिच्या मैत्रिणीच्या नावानं खोटं पत्र रचतो. पुढे गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. एरवी पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस त्याबद्दल जेमतेम दोन-तीन ओळी लिहितो. तिचे तर फाडून टाकलेले कागदच हाती येतात. एकावर ओळी तिरप्या छापल्या आहेत. छापखानेवाल्यालाच सुचावं असं! तिनं सांगितलेली हकीकत आपल्याला खूप पुढे मिळते.

जवळची माणसं म्हणतात, कोर्टात जा. ती नाही म्हणते. आपल्या मृत्युपत्राचं काम मात्र ती सोपवते बेलफोर्डवर. लव्हलेसच्याच मित्रावर! कारण लव्हलेसनं फुशारकीनं लिहिलेली पत्रं त्याच्याकडे आहेत. तिच्या एकटीच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, त्या माणसाचं हस्ताक्षर कसं नाकारणार?

आणि हीच क्लॅरिसा लव्हलेसला कळवते की मी वडिलांच्या घरी निघाले आहे. तो खूष, समेट झाला म्हणून. तिला म्हणायचं असतं देवाघरी. मजकूर खरा, पण वाचणारा फसावा म्हणूनच लिहिलेला. याला खोटं म्हणायचं का, यावर आमच्या वर्गात तासभर भांडण व्हायचं. घंटा झाली तरी मुलं उठायची नाहीत.