चोरून वाचलेलें पुस्तक

अश्लील वाङ्मयाचा इतिहास म्हणजे बहुतेक ठिकाणीं त्याच्या बंदीचा इतिहास होय. कोणतें पुस्तक केव्हां जाळलें, कोणत्या प्रकाशकास काय शिक्षा झाली, कोणत्या न्यायाधीशानें अश्लीलतेची कशी व्याख्या केली, यांचीं टिपणें विपुल सांपडतात. परंतु तें पुस्तक ज्यानें चोरून वाचलें त्याच्या घरांत काय झालें, पतिपत्नींच्या नात्यावर त्याची कोणती छाया पडली, याची नोंद क्वचितच आढळते. ती ठेवणार तरी कोण? वाचणाऱ्यास लाज, आणि घरच्या माणसांस पत्ता नाहीं. म्हणूनच साडेतीनशें वर्षांपूर्वीं लंडनच्या एका अधिकाऱ्यानें लिहून ठेवलेली एक लहानशी हकीकत फार मोलाची वाटते.

सॅम्युएल पीप्स हा इंग्लंडच्या आरमार मंडळाचा चिटणीस. उद्योगी, हिशेबांत चोख, संगीताचा व ग्रंथसंग्रहाचा मोठा शोकी. त्यानें १६६० पासून १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली आणि ती लघुलिपींत लिहिली. ही लिपि उलगडून १८२५ सालीं तिचा कांहीं भाग छापला गेला. संपूर्ण रोजनिशी मात्र १९७० ते १९८३ या काळांत प्रसिद्ध झाली. १३ जानेवारी १६६८ या दिवशीं पीप्स आपल्या पुस्तकविक्याच्या दुकानीं थांबला असतां एक फ्रेंच पुस्तक त्याच्या दृष्टीस पडलें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘मुलींची शाळा’ असा होता. पीप्सची पत्नी एलिझाबेथ ही फ्रेंच बापाची मुलगी. तिला भाषांतर करावयास हें बरें, असें त्याच्या मनांत आलें. पण चार पानें चाळतांच ही शाळा कसली आहे तें त्याच्या ध्यानांत आलें आणि तो शरमला. एका अनुभवी स्त्रीनें नात्यांतल्या नवख्या मुलीस केलेल्या शृंगारोपदेशाचा तो संवाद होता. १६५५ सालीं पॅरिसमध्यें तो छापला गेला तेव्हां त्यावर खटला झाला, आणि आरोपींपैकीं एकजण फरारी असल्यामुळें त्याच्या प्रतिमेस फांशी देण्यांत आली होती.

जानेवारींतली ही शरम फेब्रुवारीपर्यंत टिकली नाहीं. ८ फेब्रुवारीस पीप्स पुन्हां दुकानांत गेला व तें पुस्तक त्यानें विकत घेतलें. चांगल्या बांधणीची प्रत टाळून त्यानें मुद्दाम साधी घेतली. कारण वाचून होतांच ती जाळून टाकावयाची, आपल्या ग्रंथांच्या यादींत तिचें नांव येऊं द्यावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय झाला होता. दुसरा दिवस रविवारचा. सकाळीं कचेरींत बसून त्यानें थोडें वाचलें. मग मित्रमंडळींत गाणें आणि मद्यपान झालें. रात्रीं आपल्या खोलींत त्यानें तें पुस्तक संपविलें आणि विस्तवांत टाकलें. जगांतल्या दुष्टपणाची माहिती असावी म्हणून शहाण्या माणसानें असें एखादें पुस्तक एकदां पाहण्यास हरकत नाहीं, असें समर्थनही त्यानें लिहून ठेविलें.

एका रात्रीच्या वाचनास व्यसन म्हणतां येणार नाहीं. तरी व्यसनाचीं पुढचीं सगळीं पावलें या हकीकतींत लहान प्रमाणावर दिसतात: अवचित भेट, लाज, ओढ, बहाणा, एकांत, आणि शेवटीं पुरावा नाहींसा करणें. यांत सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एलिझाबेथच्या स्थानाची आहे. पुस्तक प्रथम दिसलें तेव्हां तें तिच्यासाठीं घ्यावें असें त्याला वाटलें; घेतलें तेव्हां तें तिच्यापासून लपवावें लागलें. या महिन्याभरांत पुस्तकांतलें एक अक्षरही बदललें नव्हतें. बदलली ती पत्नीची जागा. वाचनांत सोबतीण व्हावयाची ती चुकवावयाची पहारेकरीण झाली.

त्याच वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं एलिझाबेथनें आपल्या पतीस घरांतल्या एका तरुण दासीला जवळ घेतांना पाहिलें. त्या पुस्तकामुळें हें घडलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पीप्सच्या असल्या लीला पुस्तकाच्या पुष्कळ आधींपासून चालू होत्या. पण त्यानंतरचे आठवडे विचार करण्यासारखे आहेत. घरांत रात्रंदिवस भांडणें झालीं, अश्रू आले, शपथा झाल्या. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पीप्स नोंदवितो कीं, या कलहापासून पतिपत्नींचा जितका सहवास घडला तितका मागील बारा महिन्यांत घडला नव्हता, आणि तो तिलाही पूर्वींपेक्षां सुखाचा वाटला. यावरून कलह हितकारक ठरत नाहीं. एलिझाबेथनें सोसलें तें दुःख खरेंच होतें. पण वर्षानुवर्षें जें मनांत कोंडलें होतें तें उघड झालें, आणि दोघांमधली भिंत कांहीं काळ तरी खचली. पुढच्याच वर्षीं, १६६९ च्या नोव्हेंबरांत, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं एलिझाबेथ वारली.

पुढच्या दोन शतकांनीं या प्रश्नाकडे दोन बाजूंनीं पाहिलें. वैद्यांनीं भय दाखविलें आणि कायद्यानें बंदी घातली. लोझान येथील वैद्य तिसो यानें १७६० सालीं आपला फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. एकांतांतल्या कामसुखानें शरीर झिजतें, दृष्टि अधू होते, बुद्धि भ्रमते, असें त्यांत ठासून सांगितलें होतें. आज या विधानांना वैद्यकांत आधार उरलेला नाहीं, पण त्यांनीं पेरलेली भीति पिढ्यानपिढ्या टिकली. कायद्याच्या बाजूस, १८५७ सालीं इंग्लंडांत अश्लील पुस्तकांच्या जप्तीचा कायदा झाला आणि १८६८ सालीं हिक्लिन खटल्यांत मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनीं आपली कसोटी सांगितली: ज्यांचीं मनें असल्या परिणामास खुलीं आहेत अशांच्या हातीं मजकूर पडला तर तो त्यांस बिघडवील काय? आमच्या न्यायालयांनींही हीच कसोटी उचलली, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती टाकून देईपर्यंत तिची सावली येथें राहिली. या सर्व काळांत चर्चा झाली ती वस्तूची. वाचणाऱ्याच्या बाजूला झोंपलेल्या माणसाचा विचार वैद्याच्या ग्रंथांत नव्हता आणि न्यायाधीशाच्या निकालांतही नव्हता.

हा विचार महाराष्ट्रांत ज्यांनीं निर्भयपणें केला ते रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचें केंद्र त्यांनीं मुंबईंत १९२१ सालीं काढलें, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचक आपल्या लैंगिक अडचणी त्यांना पत्रानें विचारीत आणि ते शास्त्राधारें उत्तरें छापीत. त्या उत्तरांबद्दलच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें, तरीही कर्व्यांस दंड झाला. विपर्यास पाहा: चोरून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचा बाजार चालूच राहिला, आणि ज्यांतून नवराबायकोस एकमेकांशीं बोलण्यापुरते शब्द मिळाले असते त्या पानांवर मात्र कायद्याचा बडगा उगारला गेला. प्रश्न विचारण्याची सभ्य जागा बंद झाली म्हणजे प्रश्न नाहींसा होत नाहीं. तो असभ्य जागीं उत्तर शोधूं लागतो.

शयनगृहांतल्या अडचणीचा शास्त्रीय अभ्यास पुढें अमेरिकेंत झाला. सेंट लुई येथील मास्टर्स आणि जॉन्सन यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक महत्त्वाचें निरीक्षण आहे. ज्यांना समागमांत अडथळा येतो त्यांच्यांतले पुष्कळजण त्या क्षणीं स्वतःकडेच प्रेक्षकाप्रमाणें पाहत असतात. मला जमेल कीं नाहीं, या चिंतेंत ते सुखापासून बाजूला पडतात. उपचार म्हणून हे दोघे पतिपत्नी दोघांसही बोलावीत, त्यांना बोलतें करीत, आणि कांहीं दिवस समागमाची अपेक्षाच न ठेवतां केवळ स्पर्शाची ओळख पुन्हां करून घेण्यास सांगत. अश्लील चित्रांच्या अतिसंवयीनें काय होतें हें समजण्यास या निरीक्षणाचा फार उपयोग होतो. तीं चित्रें माणसास प्रेक्षक होण्याचीच संवय लावतात. पडद्यावरचीं माणसें थकत नाहींत, नकार देत नाहींत, बोलत नाहींत, आणि त्यांना आपली अडचण सांगावी लागत नाहीं. खऱ्या सहवासांत मात्र वाट पाहावी लागते, विचारावें लागतें, कधीं ओशाळावेंही लागतें. त्या ओशाळण्यांतूनच जवळीक जन्मते. आणि संवयीचा माणूस नेमका तोच क्षण टाळूं लागतो.

आज या संवयीस सोयही अपार झाली आहे. पीप्सला दुकानदाराच्या नजरेस नजर देऊन पुस्तक मागावें लागलें. आज हातांतला फोन पुरतो. त्याहून मोठा फरक असा कीं, पीप्सचें पुस्तक शेवटच्या पानाला संपलें. फोनांतल्या चित्रांस शेवटचें पान नाहीं. प्रत्येक चित्राच्या टोंकाशीं नवें चित्र उभें असतें, आणि थांबण्याची आठवण करून देणारें कांहींच उरत नाहीं. आमच्या सरकारनें २०१८ सालीं अशीं ८२७ संकेतस्थळें बंद करण्याचा हुकूम काढला. तोही वस्तूचाच विचार झाला.

वैद्यकाची भूमिका मात्र पालटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं संमत केलेली व २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेली रोगांची सूचि ‘अनिवार लैंगिक वर्तन’ हा विकार मानते, आणि त्याची गणना व्यसनांत न करतां आवेग न आवरण्याच्या विकारांत करते. आवरण्याचे प्रयत्न वारंवार फसणें, प्रकृति व कर्तव्यें यांची हेळसांड होणें, समाधान उरलें नसतांही वर्तन चालू राहणें, आणि हें महिनोन्महिने टिकणें, हीं त्याचीं लक्षणें. त्याबरोबरच ही सूचि एक मोलाची ताकीद देते: ज्याची व्यथा केवळ नैतिक अपराधाच्या भावनेंतून आली आहे त्यास रोगी ठरवूं नये. तिसोनें जें भय पेरलें त्याला दिलेलें हें उत्तरच म्हणावयाचें. संसारावरील परिणामाविषयींही सरसकट निर्णय देतां येत नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, जे पति २००६ सालीं अशीं चित्रें वारंवार पाहत होते त्यांचें वैवाहिक समाधान २०१२ सालीं सरासरीनें कमी आढळलें. पत्नींच्या बाबतींत तसें दिसलें नाहीं. चित्रांमुळें समाधान घटलें, कीं घटत्या समाधानानें चित्रांकडे नेलें, हा गुंता एवढ्यानें सुटत नाहीं.

तरी या इतिहासांतून एक गोष्ट निःसंशय निघते. पुस्तक जाळल्यानें त्याचा पुरावा जळतो, त्याची संवय जळत नाहीं. भय दाखविल्यानें माणूस अधिक लपवितो, आणि जितकें लपवितो तितका तो आपल्याच घरांत परका होतो. ज्यास ही संवय आवरेनाशी झाली असेल त्यानें स्वतःस पापी अथवा असाध्य रोगी न मानतां जाणत्या वैद्याकडे जावें. आणि ज्याला किंवा जिला आपल्या जोडीदाराची ही गोष्ट कळेल त्या व्यक्तीस दुःख होणें, राग येणें स्वाभाविक आहे, हेंही त्यानें निमूटपणें ऐकून घ्यावें. हें बोलणें कठीण खरें. पण विवाहांत दोन माणसें एकमेकांस जें वचन देतात त्यांत शरीराइतकाच मनाच्या उघडेपणाचाही भाग असतो. आणि तो भाग पाळावयाचा तर कोणीतरी एकानें पहिलें वाक्य उच्चारावेंच लागतें.