मोठ्या जातीच्या पिल्लाला कोणतं डॉग फूड द्यावं? पिशवी घेण्याआधी हे वाचा

शेतवस्तीवर राखणीला आणि घरी हौसेनं जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन पाळणारे आता गावोगावी दिसतात. पिल्लू लवकर दांडगं व्हावं म्हणून अनेक जण भरपूर खुराक आणि वरून कॅल्शियमचं औषध देतात. नेमकी इथंच गडबड होते.

जास्त कॅल्शियम का नको?
साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम नीट रोखता येत नाही. ते शोषलं जातं आणि हाडं-सांध्यांची वाढ बिघडते. खाणंही जास्त झालं तर वजन झपाट्यानं वाढतं, कोवळ्या सांध्यांवर भार येतो. पाय वाकणं, लंगडणं, खुब्याचा सांधा सैल होणं असे त्रास पुढं आयुष्यभर राहू शकतात. गाई-म्हशींचं कॅल्शियम किंवा मिनरल मिक्श्चर तर पिल्लाला अजिबात देऊ नये.

पिशवीवर काय पाहाल?
- 'लार्ज ब्रीड पपी' किंवा 'मॅक्सी पपी' असं लिहिलेलं असावं. मोठ्या कुत्र्याचं 'अ‍ॅडल्ट' खाद्य पिल्लाला नको.
- प्रोटीन किमान २२ टक्के.
- कॅल्शियम साधारण १ ते १.५ टक्के. १.८ च्या वर नकोच.
- कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त असावं, पण दुपटीपेक्षा जास्त नको.
- एक्स्पायरीची तारीख बघा. सुटं खाद्य टाळा, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते.

किती आणि कसं द्यायचं?
पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे मोजून द्या, भांडं भरून दिवसभर ठेवू नका. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. पाणी कायम समोर असावं. जेवल्यावर लगेच पळवू नका, मोठ्या जातीत पोट फुगून जिवावर बेतू शकतं.

बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात. एवढं अंग बरोबर. गुबगुबीत पिल्लू म्हणजे तब्येतीचं पिल्लू नव्हे.

खाद्य बदलायचं असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत सात दिवसांत बदला, नाहीतर जुलाब लागतात. साधारण १५ ते १८ महिन्यांनी मोठ्यांचं खाद्य सुरू करावं. ग्रेट डेनसारख्या फार मोठ्या जातींना आणखी उशिरा.

घरचं दिलं तर?
नुसती दूध-भाकरी किंवा नुसतं मटण, दोन्ही अपुरं. उकडलेलं अंडं, थोडा भात चालेल, पण दिवसाच्या खुराकाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट विषारी ठरतात. शिजवलेली हाडं घशात किंवा आतड्यात अडकतात.

पिल्लू लंगडत असेल, उठायला कुरकुरत असेल तर मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.