जास्वंदीची पानं गुंडाळणारा पतंग कसा ओळखायचा?

पावसाळ्यात कुंपणावरच्या जास्वंदीची पानं विड्यांसारखी गुंडाळलेली दिसतात. फोटो ग्रुपवर टाकला की ‘व्हायरस आहे, उपटून टाका’ असं उत्तर येतं. थांबा, आधी एक पान उलगडून बघा.

आत बारीक रेशमी धागे, काळ्या दाण्यांसारखी विष्ठा आणि काळपट डोक्याची, चकचकीत हिरवी, काहीशी पारदर्शक अळी असेल, तर ते काम हॅरिटालोडेस डेरोगाटा या पतंगाच्या अळीचं. बोट लावताच ती वळवळत मागे सरकते. पिठ्या ढेकणामुळेही जास्वंदीची पानं आक्रसतात, पण तिथे पांढरा कापसासारखा थर असतो. पान धाग्यांनी शिवलेलं नसतं.

पतंग दिवसा पानाखाली लपतो, रात्री दिव्याकडे येतो. पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण ३ ते ४ सेंटीमीटर. पंख फिकट पिवळसर, त्यांवर तपकिरी नागमोडी रेषांची जाळी. पाठीवर, म्हणजे डोक्यामागच्या भागावर, काळे ठिपके असतात. तेवढं दिसलं तर ओळख बरीचशी पक्की. बसताना तो पंख मिटत नाही, सपाट पसरून बसतो.

फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये याचं वर्णन केलं. जुन्या पुस्तकांत तो सिलेप्टा डेरोगाटा नावाने सापडेल. कापूस आणि भेंडी ही त्याची आवडती पिकं, दोन्ही जास्वंदीच्याच कुळातली. त्यामुळे परसात भेंडी असेल तर तिचीही पानं तपासा.

नावाचा घोळ मात्र होतो. भातावरच्या किडीलाही आपण ‘पाने गुंडाळणारी अळी’च म्हणतो. ती वेगळी प्रजात आहे. तिचा पतंग बराच लहान, सोनेरी-पिवळा, पंखांच्या कडेला गडद पट्टा असलेला. भाताच्या किडीवरचा सल्ला बघून जास्वंदीवर औषध मारणं म्हणजे पत्ता न बघता पत्र टाकणं.

तसंही वरून मारलेलं औषध गुंडाळीच्या आत नीट पोचत नाही. चार-दोन झाडं असतील तर गुंडाळलेली पानं अळीसकट खुडून साबणाच्या पाण्यात टाकणं पुरतं. दर तीन-चार दिवसांनी बघत राहा. कोषही बऱ्याचदा त्याच गुंडाळीत असतो, म्हणून खुडलेली पानं झाडाखाली टाकू नका.

ओळखीसाठी फोटो पाठवायचा असेल तर तीन काढा: उलगडलेलं पान, अळीचं डोकं आणि झाड. नुसत्या गुंडाळीवरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.