जालियनवाला बाग : मोजलेली काडतुसे, न मोजलेली माणसे

गेल्या कार्तिक महिन्यात आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्वाल्हेरहून अमृतसरास जाण्याचा योग आला. पहाटे सुवर्णमंदिराचे दर्शन घेतले, लंगरात पंगतीला बसून प्रसाद घेतला, आणि तेथून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या जालियनवाला बागेत आम्ही गेलो. तेथे एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. सत्तावीस वर्षे इतिहास शिकवूनही त्या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय. अध्यापक वाचकांना त्याचा काही उपयोग होईल, या आशेने तो येथे सादर करीत आहे.

प्रथम त्या स्थळाविषयी. 'बाग' या शब्दाने मनाची फसवणूक होते. १९१९ साली ती बाग नव्हतीच. जल्ला घराण्याच्या मालकीची म्हणून ते नाव तिला पडले होते, एवढेच. एक खोलगट, ओबडधोबड पटांगण, त्यात एक विहीर, एक समाधी आणि चारदोन झाडे. सभोवती घरांच्या पाठभिंती. बाहेर पडण्यास काही अरुंद वाटा होत्या, पण हजारोंच्या जमावास त्या असून नसल्यासारख्या. मुख्य प्रवेश एका बोळातून होता, आणि तो बोळ इतका चिंचोळा की चिलखती मोटारी त्यातून आत नेता आल्या नाहीत.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, नुकताच शिक्षक झालो असताना, मी हे स्थळ प्रथम पाहिले होते. तेव्हा त्या बोळाच्या विटांच्या भिंती उघड्याबोडक्या होत्या. आत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १३ एप्रिल १९६१ रोजी उद्घाटन झालेला, ज्योतीच्या आकाराचा लाल दगडी स्तंभ उभा होता, विहीर होती, गोळ्यांच्या खुणा बाळगणाऱ्या भिंती होत्या. २०२१ साली या स्मारकाचे नूतनीकरण झाले. बोळाच्या दोन्ही भिंतींवर आता माणसांच्या उठावदार आकृती आहेत. विहिरीभोवती नवे बांधकाम आहे. नव्या दालनांत त्या काळच्या पंजाबचा इतिहास चित्रे व फलक यांच्या साहाय्याने मांडलेला असून ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही आहे. या बदलांवर देशात व परदेशांत पुष्कळ टीका झाली. त्या टीकेत तथ्य आहे असे मलाही वाटले; कारण त्या बोळातून चालताना छातीवर जे दडपण पूर्वी येई, ते या वेळी आले नाही. तथापि माझे विद्यार्थी त्या आकृतींजवळ थांबले, दालनांतील मजकूर त्यांनी वाचला, वह्यांत टिपणेही केली, हेही नमूद केले पाहिजे. स्मारक कसे असावे हा वाद मोठा आहे. मला त्याहून निराळ्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे.

घटनाक्रम वाचकांस परिचितच आहे. तरी संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. रौलट कायद्याविरुद्ध देशभर चळवळ सुरू झाली होती. १० एप्रिल १९१९ रोजी डॉ. सैफुद्दीन किचलू व डॉ. सत्यपाल या दोन पुढाऱ्यांना अमृतसरमधून हद्दपार करण्यात आले. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. नंतर उसळलेल्या दंग्यात काही इंग्रजांचे प्राण गेले. शहर लष्कराच्या ताब्यात आले. १३ एप्रिल हा बैसाखीचा दिवस. सभाबंदीची दवंडी शहराच्या काही भागांतच पिटली गेली. जत्रेसाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या कित्येकांना तिची वार्ताही नव्हती. सायंकाळी पाचच्या सुमारास बागेत सभा चालू असताना ब्रिगेडियर जनरल डायर ५० बंदूकधारी आणि खुकऱ्या घेतलेले ४० गुरखे यांच्यासह आत शिरला आणि जमावास पांगण्याची सूचना न देता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटे गोळ्या सुटत होत्या. जेथे गर्दी दाट तेथे त्या रोखल्या जात होत्या. बंदुका चालविणारे हात हिंदी सैन्यातील पलटणींचेच होते, हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीजवळ एक फलक आहे. त्यावर १६५० गोळ्या झाडल्या गेल्याचा उल्लेख आहे. तो वाचून त्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, गोळ्या १६५० झाडल्या हे इतके नेमके कसे समजले? आणि गोळ्या इतक्या नेमक्या समजल्या, तर माणसे किती मेली ते का समजत नाही? दर ठिकाणी निराळाच आकडा आहे."

मी काहीतरी उत्तर दिले. "त्या वेळी गोंधळ फार होता," असे म्हणालो. मुलीने मान डोलावली; पण तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. माझेही झाले नव्हते.

परत आल्यावर जुनी पुस्तके काढून बसलो. प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर सोपे आहे. काडतूस ही सरकारी मालमत्ता. ती किती दिली, किती खर्च झाली, किती परत आली, याचा हिशेब पलटणीला ठेवावाच लागतो. तो हिशेब डायरने आपल्या वरिष्ठांस कळविला. ५० बंदुका आणि १६५० गोळ्या, म्हणजे शिपायामागे सरासरी ३३. मृतांविषयी मात्र त्याच अहवालात केवळ अंदाज आहे : २०० ते ३०० माणसे मेली असावीत. अंदाजच असणार, कारण गोळीबार थांबताच डायर सैन्य घेऊन निघून गेला. तो मैदानात उतरून पाहण्यास थांबला नाही. जखमींची व्यवस्था करणे हे आपले काम नव्हते, रुग्णालये उघडी होती, असे त्याने पुढे चौकशी समितीसमोर सांगितले. परंतु रात्री आठनंतर घराबाहेर पडण्यास मनाई होती, हे तो विसरला. किंबहुना विसरला नसेल.

त्या रात्रीचे काही ज्ञात आहे ते सामान्य माणसांच्या जबान्यांमुळे. बागेजवळ राहणाऱ्या रतन देवी नावाच्या स्त्रीने आपला पती प्रेतांच्या राशीतून शोधून काढला. प्रेत घरी नेण्यासाठी खाट मिळावी, दोन माणसे मिळावीत, म्हणून ती धडपडली. परंतु मनाईच्या वेळी बाहेर पडण्यास कोणी धजेना. तेव्हा हाती एक काठी घेऊन, कुत्री हाकीत, ती रात्रभर प्रेताजवळ बसून राहिली. जवळपास जखमी माणसे पाणी मागत होती. १६५० हा आकडा जितका खरा आहे, तितकीच ही जबानीही इतिहासाचे साधन आहे. आम्ही अध्यापक मात्र पहिल्यास पुरावा म्हणतो आणि दुसरीस गोष्ट म्हणून सांगतो.

आता प्रश्नाचा उत्तरार्ध. सरकारने मृतांची नावे गोळा करण्याचे मनावर घेतले ते काही महिने लोटल्यावर. तोपर्यंत खेड्यांतील लोकांनी आपापली प्रेते नेऊन अग्निसंस्कार किंवा दफन केले होते. मध्यंतरी लष्करी कायदा लागू होता. 'माझा भाऊ त्या सभेत मेला' असे सांगणे म्हणजे आपले घर बेकायदा सभेशी जोडले जाणे. अशा स्थितीत नाव सांगण्यास किती जण पुढे येणार? शेवटी शोधाचे खरे काम अलाहाबादच्या सेवा समितीच्या स्वयंसेवकांनी केले. आपण पाठ्यपुस्तकांत 'मृत ३७९' असे वाचतो, त्याचा पाया म्हणजे हा नावांचा शोध. सरकारी चौकशी समितीने तोच आकडा स्वीकारला आणि जखमींची संख्या त्याच्या तिप्पट धरावी असे अनुमान केले. तेव्हा ३७९ याचा अर्थ एवढीच माणसे मेली असा नाही. भीतीच्या वातावरणात, महिन्यांनंतर, ज्यांची नावे हाती लागली अशी माणसे ३७९, असा तो अर्थ आहे. ती खालची मर्यादा आहे, बेरीज नव्हे.

काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली. तिच्या समितीत गांधीजी व चित्तरंजन दास यांच्यासह बडोदे संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयातील निवृत्त न्यायाधीश अब्बास तय्यबजी होते, आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. या मंडळींनी १७०० हून अधिक लोकांच्या जबान्या तपासल्या आणि त्यांपैकी सुमारे ६५० प्रसिद्ध केल्या. मृतांची संख्या १००० मानण्यात अतिशयोक्ती नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रतन देवीची कहाणी आपल्यापर्यंत पोचली ती या जबान्यांमुळेच.

सरकारी समिती लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली होती. तिचे तीन हिंदी सभासद म्हणजे मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण आणि साहेबजादा सुलतान अहमद खान. हे तिसरे गृहस्थ ग्वाल्हेर दरबारात अपिलांचे काम पाहत. समितीत मतभेद झाले. बहुसंख्य सभासदांनीही डायरच्या कृत्यास दोष दिला. पण या तिघांनी स्वतंत्र अहवाल लिहून त्याचा कितीतरी कठोर शब्दांत निषेध केला आणि लष्करी कायद्याच्या समर्थनासही नकार दिला. एका संस्थानी अधिकाऱ्याने १९२० साली असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्या लष्कर भागात आमची शाळा आहे, त्याच शहराच्या दरबारातील हा माणूस. आणि मी सत्तावीस वर्षांत त्याचे नाव एकदाही वर्गात उच्चारले नव्हते. मला ते ठाऊकच नव्हते.

डायरला पदावरून दूर व्हावे लागले. परंतु विलायतेत एका वृत्तपत्राने त्याच्यासाठी निधी उभारला आणि तो २६ हजार पौंडांहून अधिक झाला. म्हणजे काडतुसांप्रमाणे वर्गणीचाही हिशेब चोख राहिला. रवींद्रनाथांनी ३० मे १९१९ रोजी पत्र लिहून आपली 'सर' ही पदवी परत केली. त्या दिवसांत मृतांना देता येण्यासारखे एवढेच होते.

येथे आपल्याकडच्या एका गोष्टीचाही प्रांजळपणे उल्लेख केला पाहिजे. बागेतील जुन्या लेखात ही भूमी सुमारे २००० हिंदू, शीख व मुसलमान देशभक्तांच्या रक्ताने भिजली असल्याचे म्हटले आहे. विहिरीवरील फलक तीतून १२० प्रेते काढल्याचे सांगतो. रक्ताने भूमी भिजण्यात जखमीही आले, असे कोणी म्हणेल. पण वाचणारा विद्यार्थी २००० हा मृतांचाच आकडा समजतो. दुःख मोठे म्हणून आकडा मोठा करावा, ही भावना मी समजू शकतो. तथापि तीही एका प्रकारे न मोजणेच आहे. एका पक्षाने मोजण्याचे टाळले, दुसऱ्याने मोजण्याची गरज मानली नाही, आणि दोहोंच्या मध्ये ज्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत ती माणसे हरवली. सेवा समितीचे स्वयंसेवक आणि जबान्या तपासणारी मंडळी यांनी जे केले त्याचे मोल यावरून कळते. ते दारोदार गेले आणि त्यांनी नावे विचारली.

माझ्या प्रश्नपत्रिकांत 'रिकाम्या जागा भरा' या सदराखाली एक वाक्य वर्षानुवर्षे येत असे : 'जालियनवाला बागेत ____ लोक मारले गेले.' ३७९ लिहिणाऱ्यास एक गुण, १००० लिहिणाऱ्यास शून्य. किती मुलांचा तो गुण मी कापला असेन, देव जाणे. या सहामाही परीक्षेपासून ते वाक्य मी काढून टाकले आहे. त्याऐवजी दोन आकडे देऊन, ते कोणी, केव्हा आणि कसे मोजले हे लिहावयास सांगितले. उत्तरे फारशी चांगली आली नाहीत. मुलांना अशा प्रश्नाची सवय नाही, आणि ती सवय न लावण्यात माझाच वाटा आहे.

सहलीनंतर त्या विद्यार्थिनीस मी कार्यालयात बोलावून घेतले आणि वर लिहिले आहे ते तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "सर, ज्यांची नावे मिळाली नाहीत, त्यांच्या घरच्यांना तरी ठाऊक असेल ना?" मी म्हणालो, "हो. त्यांना ठाऊक होते."