यकृताची साक्ष

धाप लागलेला रोगी येतांच दोष फुप्फुसाचा कीं हृदयाचा, हें तत्काळ ठरवावें लागतें. उजवें हृदय थकलें म्हणजे रक्त मागें तुंबून यकृत फुगतें. यकृतावर दाब देतां मानेची शीर फुगते, ही हृदयाची झडप गळत असल्याची खूण १८८५ सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम पाश्चर (प्रसिद्ध लुई नव्हेत!) यांनीं नोंदविली. २००३ सालीं फ्रान्समध्यें, यकृतांत लहर सोडून तिच्या वेगावरून ताठरपणा किलोपास्कलांत मोजणारें यंत्र पुढें आलें. तें होतें यकृताच्या जुनाट रोगासाठीं. तुंबलेल्या रक्तानें आंकडा चढणें हा त्यांत व्यत्ययच. परंतु २०१० सालीं हायडेलबर्गच्या डॉक्टरांनीं दाखविलें कीं, उपचारानें हृदय सांवरतांच तो आंकडा उतरतो. व्यत्ययाचीच अशी खूण झाली. मात्र मद्यानें आधींच निबर झालेलें यकृतही तसाच आंकडा दाखवितें. तेथें मानेची शीर पाहिल्यावांचून वैद्याची सुटका नाहीं.